'शक्यता' म्हणजे नेमकी किती?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज कुठे ना कुठे 'शक्यता' असतेच, पावसाची, पक्षफुटीची, भाव वाढण्याची. आता ही शक्यता दहात एक की दहात नऊ हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? 'शक्यता नाकारता येत नाही' तर कहरच, अहो हे वाक्य कशालाही चिकटतं आणि उद्या काहीच घडलं नाही तरी छापणारा मोकळा.

मराठीत यासाठी छान उतरंड आहे की. 'कदाचित येईल' म्हटलं तर आपण आपल्या कामाला लागतो, 'बहुधा येईल' म्हटलं तर जरा थांबतो. 'घरी असेल' हा नुसता अंदाज, पण खिडकीत दिवा दिसला की आपण 'घरी असावा' म्हणतो. आणि 'येणार आहे म्हणे' यातलं ते 'म्हणे' तर मला फारच आवडतं, दोन अक्षरांत सांगून टाकतं की बाबा ऐकीव आहे, माझ्याकडे पुरावा नाही, तुमच्या 'विश्वसनीय सूत्रां'पेक्षा ते जास्त प्रामाणिक वाटतं. 'बहुतेक' मात्र जपून वापरा. 'बहुतेक आमदार पक्ष सोडणार' म्हणजे निम्म्याहून जास्त आमदार नक्की सोडणार, की सोडतील असं नुसतं वाटतंय? (आणि 'बहुदा' नाही हो, 'बहुधा', शतधा-नवधा मधला धा.)

हा शब्दांचा कीस नाहीये. 1951 मध्ये अमेरिकी गुप्तचरांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' असल्याचं लिहिलं, नंतर त्यांच्यातलेच एक विश्लेषक शर्मन केंट यांनी तो अहवाल करणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्यांना विचारलं की म्हणजे किती, तर उत्तरं आली 20 पासून 80 टक्क्यांपर्यंत! सगळ्यांनी मिळून एकच वाक्य मंजूर केलेलं. हवामान बदलावरच्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने म्हणूनच शब्दांना आकडे बांधून टाकलेत, त्यांच्या अहवालात 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90.

तुम्ही एवढं करा असं नाही म्हणत. पण मूळ बातमीत टक्के दिले असतील तर ते गाळू नका, नसतील तर निदान कदाचित आणि बहुधा यातला फरक तरी पाळा. आणि 'सरकार पडणार?' असं प्रश्नचिन्ह टाकून हेडलाईन करणं प्लीज थांबवा, ते आम्हाला माहीत असतं तर पेपर कशाला उघडला असता!

आपला,
एक वाचक