चष्म्याच्या डबीतली पट्टी

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल बाबा फोनवर म्हणाले, "फुगा महाधमनीला आलाय, तर तू सारखं किडनी-किडनी काय लावलंयस?" फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते.

बाबा, तुमची नोकरी गंगापूरच्या कालव्यावर गेली, तेव्हा त्याच भाषेत सांगते. महाधमनी हा मुख्य कालवा. पोटात ती साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, तुमची ५.८ झालीय. किडन्यांच्या दोन चाऱ्या जिथं फुटतात, त्याच्या अगदी खालीच फुगा सुरू होतो. रक्त थांबवणारा चिमटा लावायला किडन्यांच्या खाली जागाच नाही, गेट किडन्यांच्या वर टाकावं लागणार. म्हणजे फुग्याच्या जागी बसवायच्या कृत्रिम नळीचे वरचे टाके घालून होईपर्यंत दोन्ही किडन्या कोरड्या. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा लागणारी ही मंडळी! अर्धा तास बहुधा तग धरतात, पुढे प्रत्येक मिनिट महाग. म्हणून सर्जन बारीक नळीतून ४ अंशांचं थंडगार सलाईन थेट किडन्यांत सोडणार आहेत. गार पडलेल्या पेशींना प्राणवायू कमी लागतो. आवर्तन लांबलं की मखमलाबादची बाग तुम्ही टँकरवर जगवायचात, त्यातलाच प्रकार.

ते त्यांचं काम. ते करतील.

तुमचं काम वेगळं आहे. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.३ बघून तुम्ही खूश झालात. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडन्या थकल्या की तो साठतो. सडसडीत म्हाताऱ्या माणसाचा हा आकडा फसवा असतो. अंगात मांस कमी, म्हणून तो मुळातच कमी यायला हवा. आणि त्यावर गुडघ्यासाठी ती पेनकिलर! चिठ्ठी न विचारता देणाऱ्या मेडिकलवाल्याचा मला राग आहेच, पण तुमचा जास्त. त्या गोळीनं किडनीत रक्त नेणारी बारीक नळी आवळते. आधीच कमी पाणी, त्यात चारीच्या तोंडाशी तुम्हीच दगड लावताय. सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेला डाय किडन्यांना त्रास देऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन पुन्हा बघायला डॉक्टरांनी आठवडा थांबवलंय, तो आठवडा असा घालवू नका. बीपीची आणि शुगरची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञ सांगतील.

आई, रात्री उठावं लागतं म्हणून बाबा संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. तांब्या उशाशी ठेव. आणि ऑपरेशननंतर कुणी प्रेमानं नारळपाणी आणलं तर विचारल्याशिवाय देऊ नकोस. किडन्या दमलेल्या असल्या तर त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं, ते हृदयाला झेपत नाही.

आयसीयूत सिस्टर म्हणून बारा वर्षं मी लोकांच्या वडिलांच्या लघवीचे तासातासाचे आकडे लिहिलेत. तासाला किलोमागे निदान अर्धा मिली व्हायला हवी, म्हणजे तुमच्या ६२ किलोला तासाला ३० च्या आसपास. पहिल्या रात्री काचेबाहेरून मी तेवढंच बघत बसणार आहे. तरी आकडा चांगला आला म्हणून लगेच पेढे वाटू नका, क्रिएटिनिन एक-दोन दिवसांनी वर चढू शकतं.

महाधमनीच्या शस्त्रक्रिया ज्यांनी घडवल्या त्या डॉ. डीबेकींचंच महाधमनीचं ऑपरेशन २००६ साली झालं, वयाच्या ९७ व्या वर्षी. तुम्ही ७१ चे. उगाच म्हातारपणाचं सांगू नका.

शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं येते. त्या पेनकिलरची पट्टी कुठं असते ते आईनं सांगितलंय. मी येईन तेव्हा चष्म्याच्या डबीत चष्माच असू दे.

तुमची,
ताई

(आई, गुडघ्याला शेक देत राहा.)