जात्याची घरघर वाचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पॉडकास्टमधला आजींच्या जात्यावरच्या ओव्यांचा भाग ऐकून लोकांनी त्यांच्या गळ्याइतकंच जात्याच्या घरघरीचं कौतुक केलं. ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये तुमच्यामुळे टिकली. हे ऐकणाऱ्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितेय.

आजी भोरजवळच्या गावात, मी बेंगळुरूला. ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मला मात्र या भागाच्या वेळी आजींकडे जाणं शक्य नव्हतं. व्हिडिओ कॉलवर गळा ऐकू यायचा, पण जातं गायब! एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून ॲप तो पुसून टाकतं. पंखा काय आणि जातं काय, त्याला सारखंच, हे तुम्ही सांगितलंत. शिवाय नेट अडखळलं की शब्द तुटतात, ते नंतर कुठून आणायचे? म्हणून कॉल फक्त बोलण्यापुरता, रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्या जागी. रेडिओवाले पूर्वीपासून हेच करत आलेत: मुलाखत फोनवर चालते आणि पाहुण्याजवळ एक माणूस माइक धरून बसतो.

आपल्याकडे तो माणूस म्हणजे आजींची नात. तिच्याशी तुम्ही किती मायेनं बोललात! कॉल एका मोबाइलवर, आणि माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये घुसू नये म्हणून आजींच्या कानात इअरफोन. दुसरा मोबाइल फ्लाइट मोडवर, घडी घातलेल्या गोधडीवर, म्हणजे जात्याचे हादरे जमिनीतून त्यात जाणार नाहीत. तोंडापासून वीतभर लांब, पण जरा बाजूला, नाहीतर 'प', 'भ'चा श्वास थेट माइकवर आदळतो. आजींचा सूर चढला तरी रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपासच राहायला हवी (शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो), कारण फाटलेला आवाज शिवता येत नाही, हेही तिला पटवलंत.

दोन्हीकडची रेकॉर्डिंग नंतर जुळवता यावीत म्हणून टाळी सुरुवातीला वाजवायची तशी शेवटीही, हे मला ठाऊकच नव्हतं. दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात किंचित मागंपुढं होतात, आणि किती, ते दुसऱ्या टाळीवरून कळतं. एडिट करताना याचा फार उपयोग झाला.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल एका चॅनेलची असली तरी तासाला ५०० एमबीच्या वर जाते. गावच्या नेटवर ती रात्रभर चढत होती, आणि पोचली का म्हणून तुम्ही सकाळी विचारलंत. एका क्लिकवर सगळं चकाचक करणारी साधनं वापरायला तुम्ही साफ नकार दिलात. माझ्या मते या भागासाठी तुम्ही केलेलं सगळ्यात मोठं काम तेच. त्या खोलीचा स्वतःचा आवाज राहिला, बांगड्यांचा राहिला, ओवी संपल्यावर सोडलेला श्वासही राहिला.

आता आजींच्या धाकट्या जाऊबाई गायला तयार झाल्या आहेत. मोबाइल नातच लावणार आहे. फाइल आली की आधी तुमच्याकडेच पाठवते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
ओव्या गोळा करणारी मैत्रीण