फिजिओथेरपीच्या पुढच्या वाटेविषयी सोहमला पत्र

दापोली, जि. रत्नागिरी

चि. सोहम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तू जो प्रश्न विचारलास त्याचे उत्तर फोनवर देता येण्याजोगे नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अंतिम वर्ष संपत आले, पुढे इंटर्नशिप, आणि त्यानंतर या पदवीला भवितव्य काय, असे तुझे म्हणणे होते. वर्गातील काही जण ऑस्ट्रेलियाच्या परीक्षेची तयारी करीत आहेत, काही जण कर्ज काढून यंत्रांनी भरलेले क्लिनिक उघडण्याच्या विचारात आहेत, आणि उरलेल्यांची चर्चा नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही यापाशीच थांबते, हेही तू सांगितलेस. माझे मत आरंभीच सांगते. जो फिजिओथेरपिस्ट रुग्णाला सर्वांच्या आधी स्वतः नीट तपासू शकेल आणि तपासणीनंतर घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेईल, त्याला पुढील काळात काम कमी पडणार नाही. आणि ज्याला हे जमणार नाही, त्याच्यापाशी कितीही यंत्रे असली तरी तो दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच अवलंबून राहील.

२०२१ साली संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात फिजिओथेरपिस्टची जी व्याख्या दिली आहे, ती एकदा मुळातून वाच. सर्वंकष तपासणी, आवश्यक त्या चाचण्या, प्रतिबंध, निदान आणि उपचार हे सर्व तिच्यात येते, आणि फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे किंवा इतर तज्ज्ञांच्या गटात राहून व्यवसाय करू शकतो, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘शेक, दहा दिवस’ असे लिहून येत असे आणि पुष्कळ ठिकाणी तेवढेच करून रुग्णाला परत पाठवले जाई. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने डॉक्टरांच्या चिठ्ठीची ही अट १९७६ मध्येच काढून टाकली होती. आपल्याकडे कायद्याने आता दार उघडले आहे, परंतु त्या दारातून आत जाण्याइतकी तपासणीची तयारी प्रत्येक महाविद्यालय करून घेते का, याविषयी मला खरी काळजी वाटते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष कौशल्यावर भर आहे आणि इंटर्नशिप सहा महिन्यांऐवजी एक वर्षाची केली आहे. हा बदल मला मनापासून पटतो. तुला ते वर्ष मिळणार नाही. म्हणून जे सहा महिने मिळतील त्यांत यंत्रांच्या खोलीत बसून राहू नकोस.

तपासणी कशासाठी, हे हर्णैच्या उदाहरणावरून सांगते. बंदरावरचा एखादा खलाशी कंबर धरून येतो. जाळी ओढून, हलत्या होडीत पाय रोवून उभे राहून दुखणारी कंबर बहुतेक वेळा स्नायूंची आणि सांध्यांचीच असते, आणि ती योग्य हालचालीने काही आठवड्यांत सुधारते. पण त्याच बंदरावरचा दुसरा माणूस सांगतो की रात्री पाठ जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरले आहे. अशा माणसाच्या पाठीला हात लावण्याआधी मणक्याच्या क्षयाची शंका मनात आलीच पाहिजे, कारण आपल्या देशात हा आजार अजून घरोघरी माहीत आहे. तिसऱ्याला बसण्याच्या जागी बधिरता आली असेल आणि लघवीवरचा ताबा सुटू लागला असेल, तर त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे लागते. दापोलीहून अशा रुग्णालयाचा रस्ता लांबचा आहे आणि एक रात्र थांबल्याची किंमत तो माणूस आयुष्यभर मोजू शकतो. शहरात तुझ्या आधी दोन डॉक्टरांनी रुग्ण पाहिलेला असतो. इथे पुष्कळदा तूच पहिला असशील. कोणाला स्वतःकडे ठेवायचे आणि कोणाला तातडीने पुढे पाठवायचे, हे ओळखणे हाच स्वतंत्र व्यवसायाचा पाया आहे, आणि तो पक्का नसेल तर स्वातंत्र्याची मागणी करण्याचा नैतिक अधिकारही आपल्याला उरत नाही.

आता यंत्रांविषयी. लोक आपल्याकडे येतात तेच ‘करंट लावा’ म्हणत येतात, आणि त्यांना नाही म्हणणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही कोणता उपचार द्यावा, कोणता देऊ नये हे पुरावे तपासून सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), टेन्स व इंटरफेरेन्शियल (विजेच्या सौम्य प्रवाहाचे उपचार) आणि ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणे) हे उपचार देऊ नयेत असे म्हटले आहे आणि व्यायामाला पुढे आणले आहे. जी यंत्रे घेण्यासाठी तुझे मित्र कर्ज काढणार आहेत, त्यांतील बहुतेक याच यादीत आहेत. रुग्णाला वीस मिनिटे यंत्राखाली निजवून आपण पुढच्या खाटेकडे जाणे, ही पद्धत टिकणार नाही असे माझे ठाम मत आहे, कारण उद्या रुग्णच विचारील की या पैशांत मला मिळाले काय.

मात्र ‘व्यायाम द्या’ एवढे म्हटल्यानेही काम होत नाही. औषधाला जशी मात्रा असते तशी व्यायामालाही असते, आणि ती ठरवणे ही आपली खरी विद्या आहे. अर्धांगवायूच्या रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवावे तितके चांगले, असे पुष्कळ जण मानत असत. त्याची मोठी परीक्षा अ‍ॅव्हर्ट या अभ्यासात झाली. पाच देशांतील २१०४ रुग्णांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत ज्यांना अधिक वेळा आणि अधिक काळ उठवले, त्यांच्यापैकी तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्के होते, आणि नेहमीची काळजी मिळालेल्यांत ते ५० टक्के होते. पुढे त्याच माहितीच्या विश्लेषणातून दिसले की थोडा थोडा वेळ, पण पुन्हा पुन्हा उठवणे अधिक हितकर ठरते. चांगल्या हेतूने केलेला अतिरेकसुद्धा रुग्णाचे नुकसान करू शकतो, हे या आकड्यांनी सिद्ध केले. तुमच्या शिक्षकांनी हा अभ्यास वर्गात घेतला नसेल तर तू तो मागून घे. मूळ निबंध वाचून त्यातील उणिवांवर वाद घालता येणे हे आजच्या शिक्षणात परीक्षेच्या गुणांहून मोठे आहे.

आपला व्यवसाय एका आजाराच्या आधाराने उभा राहिला आणि तो आजार गेल्यावरही टिकला, हेही विसरू नकोस. मुंबईत पोलिओच्या साथीने शेकडो मुलांचे पाय लुळे पडले, त्या पार्श्वभूमीवर पन्नासच्या दशकाच्या आरंभी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय सुरू झाले. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तोवर आपली माणसे अतिदक्षता विभागात, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात, नवजात बालकांपाशी पोहोचली होती. पुढचे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी वार्धक्य असे उत्तर देईन, आणि कोकणाइतके ते दुसरीकडे क्वचितच दिसेल. मुले मुंबईला, घरात सत्तरी ओलांडलेली दोघे किंवा एकटीच आजी. जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या, पावसात शेवाळलेले अंगण, न्हाणीघर मागच्या बाजूला. माकडहाड मोडून किंवा खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली माणसे मी दर पावसाळ्यात पाहते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला पायांची ताकद आणि तोल यांचा घरगुती व्यायामक्रम वृद्धांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी करतो, असे अभ्यासांत आढळले आहे, आणि त्याला घोट्याला बांधायच्या वजनांपलीकडे काही लागत नाही. हे काम क्लिनिकमध्ये बसून होणारे नाही. वाडीवर जाऊन, ओटीवर बसून, आजीला पडवीच्या खांबाला धरून उभे करून ते शिकवावे लागते आणि आशाताईंना सोबत घ्यावे लागते. शासनाच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर फिजिओथेरपीची तरतूद आहे. ती वाडीपर्यंत आणणारी माणसे हवी आहेत.

आणखी एक क्षेत्र मला फार जवळचे वाटते. इथल्या कृषी विद्यापीठाने आंबा देठासह उतरावा म्हणून नूतन झेला, म्हणजे लांब दांड्याचे फळ उतरवायचे साधन, तयार केला आणि भातकापणीसाठी दातेरी वैभव विळा दिला. फळाचा आणि पिकाचा विचार करणारे शास्त्रज्ञ आपल्यापाशी आहेत. मान मागे टाकून, हात डोक्यावर धरून दिवसभर झेला चालवणाऱ्या गड्याच्या खांद्याचा, लावणीत दिवसदिवस वाकलेल्या बाईच्या कमरेचा आणि काजूच्या कारखान्यात जमिनीवर बसून काम करणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांचा विचार करणारा फिजिओथेरपिस्ट त्यांच्या शेजारी बसलेला मी अजून पाहिलेला नाही. दांड्याची लांबी, बसण्याची उंची, मध्ये घ्यायची विश्रांती यांवर आपण मोजमाप करून बोलू शकतो. क्रीडा फिजिओथेरपीत जाण्याची तुझी इच्छा मी जाणते. पण झेला चालवणाऱ्याचा खांदा आणि गोलंदाजाचा खांदा यांना लागणारे ज्ञान एकच आहे, फक्त पहिल्याकडे अजून कोणी वळलेले नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने सांध्याचा कोन मोजणाऱ्या प्रणालींविषयी तू उत्साहाने बोललास. त्यांचे मी स्वागत करते. मुंबईतल्या मुलाला व्हिडिओवर वडिलांचा व्यायाम दाखवता येतो आणि मधल्या फेऱ्या वाचतात. स्नायू किती ताठरला आहे, सांधा शेवटी कशाने अडतो आणि माणूस दुखण्याला घाबरतो आहे की खरोखर थकला आहे, हे मात्र अजून हाताला आणि समोर बसून केलेल्या बोलण्यालाच कळते. म्हणून यंत्र शीक, पण हात आधी तयार कर.

‘डॉ.’ या उपाधीवर मी फार लिहीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने ती लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. तो वाद चालत राहील. लावायचीच झाली तर नावानंतर ‘पी. टी.’ (फिजिओथेरपिस्ट) असे स्पष्ट लिही, म्हणजे रुग्णाची दिशाभूल होणार नाही.

परदेशी जाण्यास माझी हरकत नाही. तिथे नोंदी ठेवण्याची आणि स्वतःच्या निर्णयाचे उत्तर देण्याची जी शिस्त आहे, ती शिकण्यासारखी आहे. त्याआधी इंटर्नशिपमध्ये निवड करता आली तर एक पाळी जिल्हा रुग्णालयातील बालकांच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात आणि एक समाजाधारित पुनर्वसनात, म्हणजे रुग्णाच्या गावी-घरी जाऊन करायच्या कामात, मागून घे. दिवाळीला येशील तेव्हा मज्जासंस्थेच्या तपासणीच्या तुझ्या वह्या घेऊन ये. माझे चार रुग्ण तुला तपासायचे आहेत. निदान तू सांगायचेस, मी शेवटपर्यंत बोलणार नाही. बाबांनी आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझी,
आई