लाइट गेली म्हणून समजा

मिरजेतल्या तंबोरेवाल्या चाचांना,

चाचा, नमस्कार. एवढं लांबलचक तुम्ही मोबाईलवर वाचणार नाही हे माहितीये, नातवाला वाचून दाखवायला सांगा. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस की आता" म्हणून चहा मागवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, इथं तुम्हाला मला थांबवता यायचं नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो आणि गेली दीड वर्षं घरी लाकडाचा कॅमेरा बनवत होतो. जुन्या स्टुडिओत असायचा तसला मोठा, पुढं लेन्स, मागं दुधी काच, मधे घड्यांचा काळा भाता, आणि डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचं. एका वेळी एकच फिल्म बसते, ४ बाय ५ इंचाची. काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकी खाली पाय वर. बायको म्हणाली आपल्या घराचं पण तसंच झालंय, सगळा पसारा वर आणि कामं खाली.

कशाला हा उद्योग असं सगळे विचारतात. १९२९ चा आपला आयर्विन पूल घाटावर उभं राहून मोबाईलनं काढून बघा, पूर्ण यावा म्हणून मोबाईल वर कलवला की खांब मागं झुकल्यासारखे येतात. या कॅमेऱ्यात कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसती लेन्सची पाटी वर सरकवायची, खांब सरळ. एवढ्याच्यासाठी दीड वर्ष. असो.

तर आधी मी गेलो एका मॉड्युलर किचनवाल्याकडं. "हो हो, सोप्पंय" म्हणाला, ३००० ॲडव्हान्स घेतला, तीन महिने फोन उचलला नाही आणि शेवटी जे दिलं ते कच्च्या लाकडाचं. जुलैत पाऊस लागला आणि मागची चौकट अशी गच्च बसली की काढताना कोपराच निखळला. विचारलं तर म्हणतो पावसात लाकूड फुगणारच साहेब, त्याला मी काय करू. दुसरा फोटोफ्रेमवाला, त्यानं कोपऱ्यात चुका ठोकून वर लांबी भरून दिली. आणि फोटोग्राफीतली जाणती मंडळी, त्यांनी तर माझ्या मोडक्या चौकटीचा फोटो ग्रुपवर फिरवला, हसून लोळणारे इमोजी टाकून. ते मला कळणार नाही असं त्यांना वाटलं होतं बहुतेक.

तुमच्याकडं मी आलो तो पण योगायोगानं, भजनी मंडळातल्या एकांचा तंबोरा दुरुस्तीला द्यायचा होता म्हणून गाडीवर सोडायला. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पण अभिमानाचं स्टेटस ठेवलं होतं, पण सतारमेकर गल्लीत पाय कधी ठेवला नव्हता, कबूल करतो. तिथं तुमच्या हातातला सांधा बघितला, नखसुद्धा शिरणार नाही असा, आणि मी भीत भीत माझं रडगाणं सांगितलं. आतापर्यंत प्रत्येकानं पहिला प्रश्न "कशाला?" असाच केला होता. तुम्ही विचारलं, "किती मिलिमीटर?"

मी म्हणलं फिल्म तिच्या होल्डरमधे साधारण ५ मिलिमीटर आत बसते, दुधी काच पण बरोबर तेवढ्याच अंतरावर पाहिजे, अर्धा मिलिमीटर चुकला तरी काचेवर एकदम क्लिअर आणि फिल्मवर सगळं पुसट. तुम्ही हसला. "अर्धा? आमच्यात तेवढ्यात जवारी बसते आणि उठते पण." (जवारी म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा घासून आवाज जुळवायचा.)

मग जुन्या तुणाचं लाकूड काढलंत, लाकडाचे धागे कुठल्या दिशेनं ठेवायचे ते दाखवलंत, लाकूड रुंदीत फुगतं लांबीत नाही हे एवढं साधं कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या चार महिन्यांतलं बाकीचं लिहीत बसत नाही, माझी एक पाटी वाकडी कापली गेली ती पण सोडून देतो. मला लिहायचंय ते त्या मंगळवारचं.

भाता मी घरी चिकटवला होता, वरून रेक्झिन आतून काळं कापड, आणि फिल्मवर काळे पट्टे येत होते, निगेटिव्हवर उजेड लागेल तिथं काळं होतं, म्हणजे कुठूनतरी उजेड शिरत होता. मी तोंड पाडून आलो. तुमची चार माणसं कामात, ऑर्डरी अडकलेल्या. मी म्हणलं अंधारात आतून टॉर्च लावून बघावं लागेल, रात्री घरी बघतो. तुम्ही काही बोलला नाही. उठला, शटर खाली ओढलं, मागच्या खिडकीत पोतं कोंबलं, ट्यूब बंद केली. भर दुपारी. रंधा थांबला, कानस थांबली. कुणीतरी विचारलं काय झालं, तर तुम्ही म्हणला, "लाइट गेली म्हणून समजा."

मी भात्यात टॉर्च घातला. आधी काहीच दिसेना, मग डोळे बसले आणि तुमचा तो सगळ्यात लहान पोरगा ओरडला, "चाचा, चांदणी!" घडीच्या कोपऱ्यावर एक बारीक ठिपका. मग दुसऱ्यानं एक शोधली, मग चढाओढच लागली, सात निघाल्या. तुम्ही प्रत्येकीवर बोट ठेवून खडूनं खूण केली. मधेच बाहेरून कुणीतरी शटर बडवलं, तुम्ही आतून ओरडला, "जेवण चाललंय!" आणि अंधारात सगळे तोंड दाबून हसले, पण ते हसणं माझ्यावर नव्हतं चाचा. दीड वर्षात पहिल्यांदा.

वीस मिनिटं. मी हिशेबनीस माणूस, घरी जाताना गाडीवर बेरीज केलीच, पाच माणसं गुणिले वीस मिनिटं. लाकडाचे पैसे तुम्ही घेतले, बरं केलं, नाहीतर मी परत आलो नसतो. पण ही वीस मिनिटं कुठल्या खात्याला टाकायची ते अजून कळलं नाही. ज्याला गिऱ्हाईकाचा छंद हास्यास्पद वाटत नाही अशी माणसं कमी असतात, आणि असतात ती जाहिरात करत नाहीत, गल्लीच्या आत बसलेली असतात.

केरळात आलप्पुळ्याला १९४० च्या दशकात वागेश्वरी नावाचे लाकडी कॅमेरे बनायला लागले, त्याची सुरुवात पण वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरातनंच झाली, कुणीतरी कॅमेऱ्याचा फाटका भाता तिथं दुरुस्तीला नेला होता. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला काहीच नवल वाटलं नाही. "भाता तो भाता," एवढंच म्हणला.

आता फोटोचं. पहिला फोटो पुलाचा नाही काढला, तुमच्या दुकानाचाच काढला. एक्सरेची फिल्म वापरली, स्वस्त पडते आणि लाल दिव्यात बाथरूममधे धुता येते कारण तिला लाल रंग दिसतच नाही. म्हणून तुमचे लाल पॉलिशचे तंबोरे काळेकुट्ट आलेत, पॉलिशला दोष देऊ नका. या फिल्मला दोन्ही बाजूंना उजेड टिपणारा मसाला असतो त्यामुळं ओरखडे पण पडतात, एक नेमका तुमच्या कपाळावर आलाय. चार सेकंद हलू नका म्हणलं होतं, सगळे पुतळ्यासारखे बसलेत, फक्त चांदणीवाला पोरगा हलला, त्याच्या डोक्याच्या जागी धूर दिसतोय. त्याला आधीच समजावून ठेवा.

शनिवारी प्रिंट घेऊन येतो. आणि तुमचा छोटा क्लॅम्प, जो दिसत नाही म्हणून तुम्ही पोरांना बोलला असाल, तो माझ्याकडं आहे.

तुमचा,
सांगलीचा कॅमेरावाला