निलंबित लायसन्स आणि नवी गाडी : मित्रास पत्र

कळंबोली,
दिनांक 16 नोव्हेंबर 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री तुझा निरोप वाचला आणि दुसऱ्या दिवशी वहिनींशीही बोललो. फोनवर हा विषय काढला की तू "बघू, होईल काहीतरी" म्हणून बोलणे आवरते घेतोस, म्हणून हे सावकाश बसून लिहीत आहे. गाडी स्टील मार्केटमध्ये भरायला लावली आहे आणि संध्याकाळपर्यंत आपला नंबर येईल असे दिसत नाही, तेव्हा मला घाई नाही. तूही हे एका बैठकीत वाचून काढ.

ओव्हरलोडमध्ये गाडी धरली गेली, दंड मालकाने भरला पण तुझ्या हिशेबातून कापून घेतला, आणि आरटीओने 5 सप्टेंबरपासून तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित केले. त्यात मागच्या वर्षीचा साताऱ्याजवळचा अपघात आहेच. चार ठिकाणी विचारलेस आणि चारही ठिकाणी नकार आला. माल किती भरायचा हे मालकाने ठरवले आणि लायसन्स मात्र तुझे गेले, हा तुझा राग मला पूर्ण मान्य आहे. कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. ते पैसे मालक पुढच्या दोन खेपांत भरून काढतो, पण चालकाचे तीन महिने कोणी भरून देत नाही. तरीही कायदा स्टेअरिंगवर बसलेल्यालाही धरतो, हे आपल्याला वजनकाट्यावरून गाडी बाहेर काढतानाच ठाऊक असते.

सर्वांत आधी त्या एजंटाविषयी लिहितो. दुसऱ्या राज्यातून कोऱ्या नोंदीचे लायसन्स काढून देतो असे तो म्हणाला आणि तू पैसे द्यायच्या बेतात आहेस, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. कृपा करून त्याला एक रुपयाही देऊ नकोस. एक लायसन्स असताना दुसरे जवळ ठेवता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे. पूर्वी जिल्ह्याजिल्ह्याची रजिस्टरे वेगळी असत, तेव्हा असली कामे खपून जात असतील. आता 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर जवळजवळ सगळ्या राज्यांच्या नोंदी एकत्र येतात आणि त्यात तुझे नाव, जन्मतारीख, छायाचित्र असते. आज तुझ्यावर तीन महिन्यांचे निलंबन आहे आणि ते 4 डिसेंबरला संपणार आहे. त्या माणसाच्या नादी लागलास तर त्याच्या जागी फसवणुकीचा गुन्हा येईल, आणि तो कोणत्याही तारखेला आपोआप संपत नाही.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझा कसारा घाटातला अपघात तुला माहीत आहे, पण त्यानंतरची दोन वर्षे मी तुलाही नीट सांगितली नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये इंदूरहून रात्रभर गाडी ओढत आलो होतो आणि पहाटे घाट उतरताना क्षणभर डोळा लागला. कडेला पंक्चर काढायला उभ्या असलेल्या टेम्पोला मागून धडक बसली आणि टेम्पोवाल्याचा पाय मोडला. गुन्हा दाखल झाला, ती नोकरी गेली, आणि त्यानंतर एका ठिकाणी बदली चालक म्हणून चालवत असताना 2022 मध्ये मोबाईल कानाला लावलेला पोलिसांनी पाहिला आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी गेले. वेग, लाल सिग्नल, ओव्हरलोड, मालगाडीत माणसे बसवणे, दारू आणि मोबाईल या सहा बाबतींत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 सालीच राज्यांना सांगितलेले आहे, त्यामुळे त्यात गयावया करून उपयोग नव्हता.

मुदत संपायला अकरा दिवस राहिले असताना मी वाशीच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. घरात किराण्याची उधारी थकली होती आणि मला वाटले की अकरा दिवस कोण मोजतो. मालकाने विचारले, "लायसन्स क्लिअर आहे ना?" मी म्हणालो, "एकदम." त्याने लायसन्स नंबर आणि जन्मतारीख विचारली, एका हातात चहाचा ग्लास तसाच धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनमध्ये आकडे भरले, थोडा वेळ थांबला, आणि काही न बोलता फोनचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर निलंबित असल्याची नोंद होती. मग तो शांतपणे म्हणाला, "अकरा दिवसांचं आधी सांगितलं असतंस तर मी अकरा दिवस थांबलो असतो. आता नाही." त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते. मी जिना उतरून खाली आलो आणि बाजार समितीच्या गेटपाशी बराच वेळ उभा राहिलो.

मालक एवढे का बिचकतात हे मला त्यानंतर कळले, आणि तेही एका विमा प्रतिनिधीकडून. वैध लायसन्स नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदारी नाकारते. मोटार अपघात न्यायाधिकरणाने जखमीला आधी पैसे द्यायला लावले, तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळते. ज्याच्याकडे दोनच गाड्या आहेत त्याची गाडी, घर, जमीन, सगळे त्या एका दाव्यात जाऊ शकते. शिवाय निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर चालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे. त्या चौघांनी तुला नकार दिला तो तुझ्यावरच्या रागाने दिला नाही. तू गेलास तेव्हा निलंबन चालू होते. पाच डिसेंबरला जाशील तेव्हा निदान ही एक भीती त्यांच्या मनात नसेल.

म्हणूनच साखर कारखान्याकडची जी गाडी तुला आत्ता मिळते आहे तिला माझा ठाम विरोध आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांना चालक कमी पडतात आणि कोणी लायसन्स उलटून पाहत नाही, हे खरे आहे. पण लायसन्स बंद असताना रात्रीच्या अंधारात, मागे दिवे नसलेल्या ट्रॉल्यांच्या गर्दीत, पुन्हा ओव्हरलोड गाडी चालवायची म्हणजे ज्या खड्ड्यातून निघायचे आहे तोच अधिक खोल खणायचा. खेपेवर पैसे देणाऱ्या खडीच्या डंपरवरही जाऊ नकोस. जिथे पैसा खेपेच्या संख्येवर ठरतो तिथे पाय आपोआप दाबला जातो. मी दीड महिना ते काम केले आहे आणि त्या दीड महिन्यात दोनदा थोडक्यात वाचलो आहे.

हे उरलेले अठरा दिवस कागदांसाठी वापर. निलंबनाविरुद्ध अपील करायची तीस दिवसांची मुदत गेलीच आहे, त्याची हळहळ आता सोडून दे. उद्याच आरटीओत जाऊन उजळणी प्रशिक्षणाचे विचार. 2019 च्या दुरुस्तीनंतर निलंबनाची मुदत संपली तरी ते प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत द्यायचे नाही, अशी तरतूद आहे. ते केले नाहीस तर 4 डिसेंबर उलटून जाईल आणि तुझ्या हाती काहीच येणार नाही. प्रमाणपत्र मिळाले की त्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेव. दुसरे म्हणजे साताऱ्याच्या प्रकरणाचा निकाल लागला असे तू म्हणतोस, पण निकालाची प्रमाणित प्रत तुझ्याकडे आहे का? माझ्याकडे नव्हती. दंड भरून प्रकरण संपले होते, तरी "केस चालू आहे का?" या प्रश्नाला माझ्याजवळ तोंडी उत्तराशिवाय काही नव्हते, आणि तोंडी उत्तरावर अनोळखी माणसाने का विश्वास ठेवावा? न्यायालयात अर्ज देऊन ती प्रत काढ.

ई-चलनांचाही घोळ मिटवून घे. कॅमेऱ्याचे चलन गाडीच्या नंबरवर पडते, ते मालकाच्या नावाने येते आणि मग कोणत्या चालकाच्या वेळचे होते यावर वाद होतो. जुना मालक तुझ्या माथी सात चलने मारतो आहे. त्यातली प्रत्येक तारीख आणि जागा तुझ्या बिल्ट्यांशी, म्हणजे मालाच्या पावत्यांशी, ताडून पाहा. जी तुझी आहेत ती मान्य कर आणि जी नाहीत ती कागदावर दाखवून दे, कारण नवा मालक जुन्या मालकाला फोन केल्याशिवाय राहत नाही आणि त्या फोनवर "पैसे बुडवून गेला" हे शब्द येता कामा नयेत. यापुढे गाडी ताब्यात घेशील त्या दिवशी आणि सोडशील त्या दिवशी गाडीवरच्या थकीत चलनांचा स्क्रीनशॉट काढून मालकाला पाठवत जा. मी आता न चुकता तसे करतो.

मला काम कसे मिळाले ते आता सांगतो. वाशीच्या प्रसंगानंतर मी मुदत संपू दिली, कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावले आणि भिवंडीला गेलो. मोठ्या कंपन्यांचा माल उचलणाऱ्या ट्रान्सपोर्टकडे गेलो नाही, कारण तिथे पोलीस पडताळणी, गेटवर दारूच्या तपासणीसाठी फुंकून घेणे आणि जीपीएसवरचा वेगाचा अहवाल हे सगळे असते आणि तिथला माणूस मनात असूनही नियम मोडू शकत नाही. वजनकाट्यावरच्या ओळखीच्या माणसाने एका वयस्क मालकाचे नाव सुचवले. तीन आयशर ट्रक, गोदामातून मुंबई-ठाण्यात माल पोचवायचा, रात्री घरी. मी बसायच्या आधीच सांगितले, "शेठ, 2021 ला माझ्या हातून अपघात झाला आहे, मला झोप लागली होती, चूक माझी होती. 2022 ला मोबाईलमुळे लायसन्स तीन महिने बंद होते. दोन्हीचे कागद यात आहेत." त्यांनी फोल्डर उघडला नाही. त्यांनी एकच विचारले, "त्या टेम्पोवाल्याचं पुढे काय झालं?"

मी दोनदा त्याला भेटायला गेलो होतो, म्हणून मला उत्तर देता आले. पायात सळई आहे, पण तो पुन्हा टेम्पो चालवतो, असे मी सांगितले. दुसऱ्या वेळी त्याच्या आईने मला चहा दिला होता, ते मात्र तेव्हा माझ्या तोंडून निघाले नाही. शेठ उठले आणि म्हणाले, "चल, गाडी दाखव." त्यांनी मला रस्त्यावर गाडी पळवायला लावली नाही. दोन उभ्या कंटेनरमधून मागे घेऊन गोदामाच्या धक्क्याला लावायला सांगितली. मी आधी खाली उतरलो, मागे जाऊन जागा पाहिली, टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, सहाही टायर वाजवून पाहिले, एका हमालदादांना दिसेल असे उभे केले आणि मग गाडी घेतली. दोनदा पुढे घेऊन सरळ करावी लागली, तरी मी घाई केली नाही. शेठ पुढे पुष्कळ दिवसांनी म्हणाले की मी खाली उतरलो तेव्हाच त्यांचे ठरले होते.

पगार पूर्वीपेक्षा साडेचार हजारांनी कमी होता आणि लांब पल्ल्याचा भत्ता नव्हता. घरी चिडचिड झाली, हे मी लपवत नाही. पण मी एकच अट घातली होती, की रात्री झोप झाल्याशिवाय पहाटेची गाडी मला देऊ नये, आणि शेठने ती कायम पाळली. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांचा कायदा 1961 सालीच झाला. आपल्या धंद्यात तो कोणी पाळताना मी पाहिलेला नाही, तरी मालकासमोर झोपेचे बोलायला लाजू नये, असे मला कसाऱ्यानंतर मनापासून वाटते. दोन वर्षे एकही ओरखडा नाही, एकही चलन नाही, तेव्हा त्यांनीच त्यांच्या मेहुण्याच्या बारा टायरी गाडीसाठी माझे नाव पुढे केले, आणि तीच गाडी आज इथे भरायला उभी आहे.

तुझ्याविषयी मी शेठशी बोललो आहे. ओव्हरलोड, सातारा, निलंबनाची तारीख, सगळे सांगितले आहे. तुझ्या वतीने मी काही झाकलेले नाही, याचा तू राग मानू नयेस. एक आयशर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिकामी होते आहे, तिचा चालक गावी परत जातो आहे. त्यांनी शब्द दिलेला नाही, "घेऊन ये, बघतो" एवढेच म्हणाले आहेत. सोमवारी 8 डिसेंबरला सकाळी सातला मी तुला भिवंडीत भेटेन. लायसन्स, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, निकालाची प्रत आणि चलनांचा हिशेब सोबत आण, आणि आदल्या रात्री एसटीने येऊन माझ्या खोलीवर नीट झोप. साताऱ्याच्या त्या मोटारवाल्याला तू अपघातानंतर कधी भेटलास का, हे शेठ विचारतील; भेटला नसशील तर अजून तीन आठवडे आहेत.

आईंना माझा नमस्कार सांग आणि वहिनींना सांग की मी पत्र लिहिले आहे.

तुझाच,
मित्र

ता. क. : आरटीओच्या निलंबनाच्या आदेशाची झेरॉक्स मला आजच फोनवर पाठव. आदेशावरची तारीख आणि लायसन्स जमा केल्याची तारीख यांत फरक असेल तर मुदत नेमकी केव्हा संपते हे आधीच विचारून ठेवू.