चाकाचा नट कोणी आवळला, ते बिलावर लिहा

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या नोव्हेंबरात मी साताऱ्यातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. बिल झालं 11,840 रुपये. दहाव्या दिवशी वडिलांना हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याला नेत होते. खंबाटकीचा बोगदा संपला, उतार लागला आणि पुढच्या एस वळणाशी स्टिअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं, रस्ताच खराब असेल. वडील मात्र लगेच म्हणाले, "बाई, हा रस्त्याचा आवाज नाही, चाक बोलतंय. हळू कर आणि जागा मिळाली की बाजूला घे."

वडील 78 वर्षांचे आहेत. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ थांबल्यावर काठी दाराला टेकवून ते उतरले, पुढच्या डाव्या चाकाची कॅप काढली आणि चारांपैकी दोन नट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवले. त्या वळणावर किती अपघात झालेत ते आम्हा सातारकरांना सांगावं लागत नाही. पान्याने नट आवळताना माझे हात कापत होते. वडील मला रागावले नाहीत, सर्व्हिस सेंटरलाही काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्याकडे चाक बसवणाऱ्याचं नाव वहीत पडायचं."

बिलावर 'व्हील रोटेशन व बॅलन्सिंग' अशी ओळ आहे. म्हणजे चारही चाकं काढून पुन्हा बसवली होती. गाडी खाली उतरवल्यावर नट तिरप्या क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळायचे असतात. छोट्या गाडीला हा जोर साधारण 100 न्यूटन-मीटर लागतो आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. एका चाकाला मिनिटभरसुद्धा लागत नाही. तेवढंही झालं नव्हतं.

मग माझा बिलाच्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडाला. पुण्याहून आल्यावर गाडी गोडोलीतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली आणि बिल हातात धरून एकेक ओळ तपासत बसले. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर खरोखर नवीन होते, हे मला सांगायलाच हवं. पण 'एसी केबिन फिल्टर – बदलला – 640 रुपये'? मिस्त्रींनी डॅशबोर्डाचा कप्पा उतरवून फिल्टर बाहेर ओढला. तो धुळीने काळाठिक्कर पडला होता आणि त्याच्या घड्यांमध्ये वाळून तपकिरी झालेली फुलं गच्च बसली होती. आमच्या दारात सोनमोहर आहे. तो उन्हाळ्यात फुलतो आणि एप्रिल-मे महिन्यात गाडी रोज सकाळी पिवळी झालेली असते. उन्हाळ्यातली फुलं नोव्हेंबरात बसवलेल्या फिल्टरमध्ये कशी असतील? 'चारही चाकांचे ब्रेक सर्व्हिसिंग – 1,150 रुपये' अशीही ओळ होती. मिस्त्रींनी मागच्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम काढून खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर झटकला, तर मूठभर काळी भुकटी पडली. तो ड्रम त्या दिवशी उघडलाच नव्हता.

या ओळींवर मी जीएसटीही भरला आहे. म्हणजे न झालेल्या कामावर सरकारच्या तिजोरीतही पैसे जमा झाले.

मी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मॅनेजरांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "मॅडम, सिस्टिममध्ये सगळे जॉब क्लोज झालेत." फिल्टर समोर ठेवला तर म्हणाले, हा आमच्याकडचाच जुना कशावरून? शेवटी एक वॉशिंग मोफत देऊ केलं. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी हेच लोक म्हणाले होते, "कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या." आणि मी दिलेही होते. गाडी धुऊन पुसून लख्ख आली होती, आत सुगंधी फवारा मारला होता. सामान्य माणूस आणखी काय तपासणार?

सर्व्हिस सेंटरचं नाव या पत्रात घातलेलं नाही. ते माझ्या तक्रारीत आहे. इथे लिहायचं कारण वेगळं आहे.

त्या दिवशी बाहेर चहाच्या टपरीवर तिथलाच एक मुलगा भेटला. आयटीआय करून लागलेला, विशीतला. तो म्हणाला, "गाडी अकराला रॅम्पवर येते, साडेबाराला वॉशिंगला गेली पाहिजे. ब्रेक उघडत बसलो तर पुढची गाडी अडते. संध्याकाळी विचारतात, गाड्या किती काढल्या. नीट किती केल्या हे कोणी विचारत नाही." मला त्या मुलाचा राग नाही. त्याला काम येतं, पण ते करायला वेळ मिळत नाही. आणि जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर, त्याचं नाव कुठे दिसत नाही, सही असते ती काउंटरवरच्या ॲडव्हायझरची.

कोणी म्हणेल, मिस्त्रींवर एवढा विश्वास आहे तर गाडी त्यांच्याकडेच टाकायची. पण वाढीव वॉरंटीचे पैसे मी आधीच भरले आहेत आणि अधिकृत ठिकाणची एक सर्व्हिसिंग चुकली तर ती वॉरंटी नाकारतात. बांधलेल्या गिऱ्हाईकाला दुसरं दार नसतं, म्हणून तर सरकारने मध्ये पडायचं.

कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो. सगळं चांगलं आहे. पण आयोगापुढे पुरावा लागतो, आणि सर्व्हिसिंगचा पुरावा गाडी गेटबाहेर पडली की रोज थोडा थोडा पुसला जातो. माझ्या दारात सोनमोहर होता आणि घरात एसटीचा माणूस होता, म्हणून मला कळलं. जत किंवा पाटणच्या एखाद्या शेतकऱ्याने कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर त्याला कसं कळणार? बिल न देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. खोटं बिल पकडण्याची सोय मात्र गिऱ्हाईकाच्या नशिबावर सोडली आहे.

आपल्याच विभागाकडे वजन-मापं तपासणारी वैधमापन यंत्रणा आहे. पेट्रोल पंपाचं यंत्र दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारतात. गिऱ्हाईकाने मागितलं तर पंपावर 5 लिटरच्या मापाने पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. हजार रुपयांच्या पेट्रोलला एवढा पहारा आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र मोठ्या ड्रममधून पाइपने इंजिनात ऑइल जातं, बिलावर 3.5 लिटर लागतात आणि किती गेलं हे गिऱ्हाईक कधी बघत नाही. पंपाला जो नियम, तो इथे का नको? गिऱ्हाईकासमोर मोजून ओता, एवढंच.

त्याबरोबर माझ्या आणखी मागण्या आहेत. काढलेला प्रत्येक जुना भाग गाडीच्या डिकीत परत मिळावा. वॉरंटीतला भाग कंपनीला पाठवायचा असेल तर निदान तो दाखवून त्याचा फोटो द्यावा. आणि वडिलांनी सांगितलेली वही परत यावी: चाक कोणी बसवलं, ब्रेक कोणी उघडला, त्या मेकॅनिकचं नाव आणि सही बिलावर असावी, नट किती टॉर्कला आवळले तो आकडा असावा. यात त्या मुलाला अडकवायचा हेतू नाही. नाव लिहायचं म्हटलं की तोही मालकाला सांगू शकेल, मला वेळ द्या, नाहीतर मी सही करणार नाही.

हे नियम व्हायला वेळ लागेल. पण याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे जिल्हाधिकारी ग्राहकांच्या हक्कभंगाची आणि अनुचित व्यापारी प्रथांची तक्रार आली तर चौकशी करू शकतात. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही तेच असतात. आपण त्यांना सांगा, एखाद्या सोमवारी सर्व्हिस सेंटरच्या गेटवर उभं राहून बाहेर पडणाऱ्या दहा गाड्या थांबवायच्या आणि बिलातल्या कुठल्याही दोन ओळी उघडून बघायच्या. सोबत आयटीआयचे एक निदेशक घेतले की पुरे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात करता येईल.

ती वाळलेली फुलं अडकलेला फिल्टर मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, बिलाची झेरॉक्स लावून कपाटात ठेवला आहे. बोलवाल त्या दिवशी घेऊन येते. वडीलही येतो म्हणतात.

आपली विश्वासू,
एक गाडीमालक, सातारा