हसण्याजोगी पेटंटे आणि न हसवणाऱ्या नोटिसा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील चित्रविचित्र पेटंटांवरचा लेख वाचला. झोका, लेसरच्या ठिपक्यामागे पळवलेले मांजर आणि सँडविच अशी तीन अमेरिकी पेटंटे लेखकमहाशयांनी एका माळेत ओवली, वाचकांना यथेच्छ हसवले आणि अखेरीस हा सारा प्रकार निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा देऊन ते मोकळे झाले. लेखाची भाषा खुसखुशीत होती, याबद्दल अभिनंदन. मात्र निरुपद्रवी कोणाला, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सँडविचचेच घ्या. कडा काढून, आत जेली आणि पीनट बटर भरून, काठ दाबून बंद केलेल्या सँडविचला १९९९ मध्ये पेटंट मिळाले, एवढे सांगून लेख पुढे सरकतो. त्याच पेटंटाच्या बळावर स्मकर्स या बड्या कंपनीने मिशिगनमधील एका लहान खाद्यपदार्थ व्यावसायिकाला विक्री थांबवण्याची नोटीस धाडली होती, त्याने मान न तुकवता पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली, आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने ही मक्तेदारी आणखी रुंद करू पाहणारे त्या कंपनीचे अर्ज नामंजूरच राहतील असा निकाल दिला, हा भाग लेखात नाही. हसण्याजोगे तेवढे छापायचे आणि नोटिशीचे गाळायचे, ही निवड ज्याला कधी नोटीस आलेली नाही अशाच माणसाला सुचू शकते.

मला आली आहे. सांगलीत आमचा हळद पॉलिश करण्याचे ड्रम बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या ड्रममध्ये घालून फिरवली की हळकुंडे एकमेकांवर आणि जाळीवर घासून वरचा खरबरीतपणा निघून जातो. माझे वडील हाताने फिरवायचे ड्रम बनवीत, आम्ही त्यांना मोटार बसवली. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात वकिलामार्फत एक इंग्रजी नोटीस आली. आडव्या आसाभोवती फिरणारा, परिघावर छिद्रे असलेला असा एक दंडगोलाकार कक्ष, ज्यात कंदांचे परस्परघर्षण घडवून आणले जाते, आमच्या एका व्यवसायबंधूंनी शोधून काढला असून त्याची नक्कल आम्ही तत्काळ थांबवावी, असा तिचा मथितार्थ होता. वडिलांच्या ड्रमचे इतके भारदस्त वर्णन आजवर कोणी केले नव्हते. नोटिशीची प्रत आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकालाही पाठवण्याची तसदी त्यांनी घेतली आणि त्या गिऱ्हाइकाने कोर्टकचेरी नको म्हणून ठरलेली ऑर्डर रद्द केली.

पेटंट एजंटांना कागद दाखवले तेव्हा उलगडा झाला. नोटिशीतला क्रमांक मंजूर पेटंटाचा नव्हता, नुसत्या अर्जाचा होता. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप प्रसिद्ध होतो, शुल्क भरून त्याआधीही प्रसिद्ध करवून घेता येतो. त्या टप्प्यावर शोध नवा आहे की जुना, हे कोणी तपासलेले नसते. पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा दावाही लावता येत नाही. उलट निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली आपल्यालाच दाद मागता येते, असेही एजंट म्हणाले. मात्र त्या दाव्याच्या खर्चाचा अंदाज ऐकल्यावर मी मुकाट्याने घरी आलो. पुढे त्या गृहस्थांनी मुदतीत परीक्षणाची विनंतीच केली नाही आणि त्यांचा अर्ज कायद्यानेच मागे घेतला गेल्याचे धरले गेले. म्हणजे त्या थोर शोधाची तपासणी कधी झालीच नाही आणि माझी ऑर्डर मात्र गेली.

आपला लेख हळदीपासूनही दूर राहिला, याचे सांगलीकर म्हणून विशेष नवल वाटले. हळदीने जखम भरते, यावर १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते, आणि शोधकर्ते म्हणून नावे होती भारतीय वंशाच्या दोन संशोधकांची. त्या वेळच्या अमेरिकी कायद्याला परदेशातला नुसता वापर चालत नसे, छापील पुरावा लागे. त्यामुळे आपल्याकडे घरोघरी कापलेल्या बोटावर दाबली जाणारी हळद हिशेबातच धरली जाणार नव्हती. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध धुंडाळून पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. तिथे एक राष्ट्रीय संस्था उभी होती. आपल्या कायद्यात देशातला उघड वापर हेही विरोधाचे कारण धरतात, हे खरे. पण तो सिद्ध करायला वडिलांच्या काळची बिले आणि फोटो कुठून आणायचे? ड्रमवर कोणी शोधनिबंध लिहिलेला नाही.

विचित्र शोधांना संरक्षण द्यावे का, असा प्रश्न लेखाने विचारला आहे. वस्तू खरोखर नवी असेल तर खुशाल द्यावे. एखाद्याने आपला वेडगळ शोध २० वर्षे उराशी धरून बसावे, बाजारात त्याला कोण विचारतो ते दिसेलच. आपल्या १९७० च्या कायद्यातील कलम ३ क्षुल्लक शोध वगळते, ते ठीकच. पण क्षुल्लकपणापेक्षा जुन्याला नवे म्हणवून घेण्याचा त्रास मोठा आहे. झोक्याच्या साखळ्या आळीपाळीने ओढून बाजूला झुलण्याची पद्धत २००२ मध्ये मिनेसोटातील एका लहान मुलाच्या नावे नोंदवली गेली (वडील पेटंट वकील होते, हे सांगायला नकोच) आणि ते पेटंट मागाहून रद्द करावे लागले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका वकिलाने तर मंजुरीपूर्वी तपासणीच नसलेल्या नव्या पद्धतीचे हसे करण्यासाठी मुद्दाम चाकासाठी अर्ज केला आणि त्याला चाक मिळाले. तिथे निदान हेतू थट्टेचा होता.

जाता जाता आणखी एक. आपल्याच जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एका प्राध्यापकांचे, हाती ब्रिटिश डिझाइन नोंदणीचे प्रमाणपत्र धरलेले छायाचित्र ‘पेटंट प्राप्त’ या मथळ्याखाली झळकले. ती नोंदणी वस्तूच्या बाह्य रूपापुरती असते आणि ते नवे आहे का, हे तिथले कार्यालय नोंदणीपूर्वी तपासत नाही. पेटंट नसताना विक्रीच्या वस्तूला पेटंट असल्याचे भासवणाऱ्याला कलम १२० खाली, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांना तो लागू नाही, हे आपले भाग्य. यापुढे अशी बातमी छापताना निदान अर्जाचा क्रमांक आणि तो प्रसिद्ध झाला आहे की मंजूर, एवढे तरी छापावे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे विनामूल्य पाहता येते.

माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापले होते. या वेळी जागा कमी पडल्यास चाक खुशाल कापावे, कलम १२० तेवढे राहू द्यावे.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक, सांगली